ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणायचं का? एका वाचकाच्या वहीतली सहा पुस्तकं काय सांगतात

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो. एक हात वरच्या कडीला, दुसरा पर्सवर. कान मात्र मोकळे असतात. फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम बघणाऱ्या ४३ वर्षांच्या एका वाचक महिलेने याच कारणाने तीन वर्षांपूर्वी ऑडिओबुक ऐकायला सुरुवात केली. त्यांच्या विनंतीवरून इथे नाव दिलेलं नाही.

पुस्तक संपलं की त्याबद्दल दोन-चार ओळी लिहून ठेवायच्या, ही त्यांची कॉलेजपासूनची सवय. आता त्या वहीत पुस्तकाच्या नावापुढे एक खूणही असते. डोळ्यांनी वाचलेल्या पुस्तकापुढे ‘डो’, ऐकलेल्या पुस्तकापुढे ‘का’.

वर्षअखेरीला सोसायटीच्या वाचन कट्ट्यावर प्रत्येकाने वर्षभरात किती पुस्तकं वाचली ते सांगायचं होतं. तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी ऐकलेली पुस्तकं धरायची नाहीत, असं सांगितलं. त्यांनी मुकाट्याने आपला आकडा निम्म्यावर आणला. घरी आल्यावर मात्र हा विषय त्यांच्यापुरता राहिला नाही. त्यांच्या ७६ वर्षांच्या सासूबाईंना डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे छापील अक्षर दिसेनासं झालंय. ४० वर्षं वाचनालयाच्या सभासद असलेल्या या आजींनी कार्ड परत केलं, पण ऑडिओबुक ऐकायला त्या तयार नव्हत्या. त्यांचंही म्हणणं तेच, की ते काही वाचन नव्हे.

मग ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं की नाही? संशोधन याबद्दल काय सांगतं? आणि डोळ्यांनी वाचलेलं व कानांनी ऐकलेलं यात खरा फरक कुठे पडतो? समजून घेऊया.

आधी वही बघू: तीन ‘डो’, तीन ‘का’

वहीतल्या अलीकडच्या सहा पुस्तकांच्या नोंदी अशा आहेत:

• स्मृतिचित्रे, लक्ष्मीबाई टिळक (डो): १९३०च्या दशकात भागाभागांनी प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र. नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, माणसांचं तुटणं, इतकं सगळं सोसलेली बाई हसतहसत कशी लिहू शकते, याचं आश्चर्य वहीत आहे. काही प्रसंग दोनदा वाचले, अशीही नोंद आहे. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा त्यामागचं दुखणं दिसलं.

• बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर (डो): १९५५ची छोटी कादंबरी, एका रविवारात संपली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेलं गाव. शेवटची पानं मुद्दाम सावकाश वाचली, असं त्यांनी लिहिलंय.

• कोसला, भालचंद्र नेमाडे (डो): १९६३ची कादंबरी. पहिल्या प्रयत्नात पन्नास पानांवर सोडली होती, यंदा पूर्ण झाली. पांडुरंगची बहीण मनी जाते तिथे पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं.

• श्यामची आई, साने गुरुजी (का): शाळेत असताना वाचलं होतं, आता १५ वर्षांच्या मुलाची आई म्हणून ऐकलं. घाटकोपर येईपर्यंत डोळे भरून आले आणि तोंड खिडकीकडे फिरवावं लागलं. तेव्हा श्यामच्या बाजूने वाचलं, आता आईच्या बाजूने ऐकलं, अशी नोंद आहे.

• ‘व्यक्ती आणि वल्ली’मधली निवडक व्यक्तिचित्रं, पु. ल. देशपांडे यांच्याच आवाजात (का): ‘अंतू बर्वा’ शाळेत वाचताना फक्त विनोदी वाटला होता. पु.लं. वाक्य संपवून क्षणभर थांबतात, त्या थांबण्यात म्हाताऱ्याचं एकटेपण ऐकू आलं.

• सेपियन्स, युवाल नोआ हरारी (का): सुमारे १५ तासांचं इंग्रजी ऑडिओबुक, पावणेदोनपट वेगाने ऐकलं. यावर वहीत दोनच शब्द आहेत: संपलं, आणि त्यापुढे ‘काय?’

सहा पुस्तकं, सहा वेगळे अनुभव. ऐकलेल्या तीनपैकी दोन पुस्तकं मनात घट्ट बसली, एक मात्र जवळपास पुसलं गेलं. म्हणजे ‘ऐकलं की विसरलं’ असा सरसकट नियम त्यांच्या वहीत तरी दिसत नाही.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या ब्लूम्सबर्ग विद्यापीठाच्या बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९१ प्रौढांचे तीन गट केले. दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘अनब्रोकन’ या पुस्तकातला भाग एका गटाने ऐकला, दुसऱ्याने स्क्रीनवर वाचला, तिसऱ्याने ऐकत ऐकत वाचला. लगेच आणि पुन्हा दोन आठवड्यांनी प्रश्न विचारले. तिन्ही गटांच्या आकलनात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही.

मेंदूत काय होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या गटाने तपासलं. फातमा डेनिझ आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या अभ्यासात नऊ जणांनी एमआरआय यंत्रात त्याच गोष्टी आधी ऐकल्या आणि नंतर वाचल्या, किंवा उलट. शब्दांचा अर्थ लावताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांचा नकाशा दोन्ही वेळा जवळपास सारखाच निघाला. म्हणजे शब्द डोळ्यांतून येवो वा कानातून, अर्थ लागतो तो एकाच ठिकाणी.

२०२२ मध्ये व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल यांनी अशा ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एकूण निष्कर्ष तोच निघाला: वाचून समजणं आणि ऐकून समजणं यात मोठा फरक नाही. पण त्यात दोन महत्त्वाचे अपवाद होते. वाचकाला स्वतःच्या वेगाने वाचायची मोकळीक असेल तर वाचन थोडं पुढे जातं. आणि मजकुरात थेट न सांगितलेलं, दोन ओळींमधलं काही ओळखायचं असेल तरीही वाचन सरस ठरतं.

कट्ट्यावरच्या वादाचं उत्तर इथेच मिळतं. गोष्ट समजली का, एवढंच विचारायचं असेल तर ऐकलेलं पुस्तक बिनदिक्कत मोजा. पण ऐकणं आणि वाचणं प्रत्येक पुस्तकाला सारखंच लागू पडतं असं नाही.

मग ‘सेपियन्स’ का निसटलं?

याची चार कारणं असू शकतात.

१. डोळा मागे जातो, कान जात नाही. आपण ओळ सरळ डावीकडून उजवीकडे वाचत जातो, असं वाटतं. प्रत्यक्षात शांतपणे वाचताना डोळ्यांच्या साधारण १० ते १५ टक्के हालचाली उलट, म्हणजे मागच्या शब्दाकडे असतात. काही कळलं नाही की डोळा आपोआप मागे जातो. ऐकताना आवाज पुढे निघून जातो. १५ सेकंद मागे नेणारं बटण असतं, पण गर्दीत खिशातून फोन काढून ते दाबणार कोण?

२. ऐकताना मन जास्त भटकतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१३च्या अभ्यासात एकाच पुस्तकातले उतारे लोकांनी तीन प्रकारे घेतले: मोठ्याने वाचून, मनात वाचून आणि नुसते ऐकून. मन सर्वात जास्त भटकलं ते ऐकताना. सर्वात कमी भटकलं ते मोठ्याने वाचताना. कारण सोपं आहे. आपलं लक्ष उडालं तरी ऐकणं थांबत नाही, मोठ्याने वाचणं मात्र अडखळतं.

३. मजकूर कोणता, यावर बरंच अवलंबून असतं. गोष्टीत ‘मग काय झालं’ हा धागा असतो. दोन वाक्यं निसटली तरी तो पुन्हा हाती लागतो. माहितीच्या पुस्तकात एका मुद्द्यावर दुसरा उभा असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक लेख वाचला आणि दुसऱ्याने त्याच मजकुराचा २२ मिनिटांचा पॉडकास्ट ऐकला. चाचणीत वाचणाऱ्यांना सरासरी ८१ टक्के आणि ऐकणाऱ्यांना ५९ टक्के मिळाले. शिवाय छापील पानावर मथळे, परिच्छेद, तक्ते असतात. ‘ते डाव्या पानावर खाली होतं’ अशी जागाही लक्षात राहते. कानाला हे काहीच मिळत नाही.

४. भाषा. दुसऱ्या भाषेत ऐकताना शब्द ओळखण्यातच मेंदूची काही ताकद खर्च होते. वेगही जास्त असेल तर अर्थ लावायला उसंत मिळत नाही. रोजच्या कामात इंग्रजी वापरणाऱ्यांनाही १५ तासांच्या इंग्रजी पुस्तकात हे जाणवू शकतं.

दीडपट, दुप्पट वेगाने ऐकलं तर?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत २३१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना व्याख्यानांचे व्हिडिओ वेगवेगळ्या वेगाने दाखवले. दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नाही, अडीचपट वेगाला मात्र आकलन घसरलं. पण त्यांच्यापुढे व्हिडिओ होता, ते एका जागी बसलेले होते आणि व्याख्यानं छोटी होती. कडीला लोंबकळत, उतरायच्या स्टेशनकडे लक्ष ठेवत, १५ तासांच्या पुस्तकाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

कथा-कादंबरीत तर वेग वाढवल्याने वेगळंच नुकसान होतं. पु.लं.चं थांबणं दुप्पट वेगात अर्धंच उरतं. आणि त्या थांबण्यातच अंतू बर्वा कळला होता, असं वही सांगते.

कानाला काय जास्त मिळतं?

हिशोब एकतर्फी नाही. काही गोष्टी पानावर नसतात, आवाजात असतात.

मराठीत ‘च’ आणि ‘ज’ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चंद्र’मधला ‘च’ वेगळा, ‘चमचा’मधला वेगळा. लिहिताना अक्षर एकच. चांगला वाचक-कलाकार हा फरक सहज ऐकवतो. बोलीचंही तसंच. माणदेशी किंवा रत्नागिरीकडच्या बोलीतले संवाद शहरात वाढलेल्या वाचकाला पानावर अडखळायला लावतात, तेच बोलले गेले की लगेच कळतात. उपरोध, चिडवणं, आवंढा गिळणं हे सगळं आवाजातून थेट पोचतं.

याची दुसरी बाजूही आहे. तो अर्थ वाचणाऱ्या कलाकाराने आधीच निवडलेला असतो. ‘स्मृतिचित्रे’तला एखादा प्रसंग हसून सांगायचा की गहिवरून, हे डोळ्यांनी वाचणारा स्वतः ठरवतो. ऐकणाऱ्यासाठी ते आधीच ठरलेलं असतं. दोन ओळींमधलं ओळखण्यात वाचन सरस ठरतं, त्यामागे हेही एक कारण असू शकेल.

‘ऐकणं’ हे मराठीला नवीन आहे का?

अजिबात नाही. परंपरेनुसार ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. म्हणजे आज आपण ज्याला ग्रंथ म्हणतो तो आधी श्रोत्यांनी ऐकला. पारायणात एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि पारायण सगळ्यांचंच होतं. कीर्तन, पोवाडा यांचं सगळं बळ तर ऐकणाऱ्यावरच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची ५६ गीतं प्रसारित झाली, तेव्हा लोकांनी आठवड्यामागून आठवडे रेडिओभोवती बसून ती कथा कानांनीच घेतली.

‘श्यामची आई’ची घडणही तशीच आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झालं. त्यात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत, एकूण ४२. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. कानासाठीच रचलेलं पुस्तक लोकलमध्ये ऐकताना मनाला भिडलं, यात नवल नाही.

ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांचं काय?

ऑडिओबुक ही वेळ नसलेल्या लोकांसाठी निघालेली सोय आहे, असा एक समज आहे. तिचा जन्म वेगळ्याच गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांपैकी अनेकांना ब्रेल शिकणं जड जात होतं. त्यांच्यासाठी आणि इतर अंधांसाठी १९३०च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ‘बोलकी पुस्तकं’ तबकड्यांवर निघू लागली. ब्रिटनमध्ये ही सेवा नोव्हेंबर १९३५ मध्ये सुरू झाली. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही रहस्यकथा होती.

भारतात यासाठी कायद्याचाही आधार आहे. २०१२च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीनुसार, अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत, म्हणजे ऑडिओ, ब्रेल किंवा डिजिटल, तयार करता येते. याच विषयावरच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. ही मान्यता जून २०१४ मध्ये दिली गेली आणि ३० सप्टेंबर २०१६ रोजी करार अमलात आला. ऑगस्ट २०१६ मध्ये अशा वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

‘ऐकलेलं धरायचं नाही’ हा नियम म्हणूनच वरवर वाटतो तितका साधा नाही. तो लावला तर जन्मापासून अंध असलेल्या आणि शेकडो पुस्तकं ऐकलेल्या माणसालाही वाचक म्हणता येणार नाही. आणि ४० वर्षं वाचत आलेल्या आजींचं वाचकपण डोळे अधू झाले त्या दिवशी संपलं, असं मानावं लागेल.

मुलांना ऑडिओबुक दिलं तर चालेल?

चालेल, पण वाचायला शिकण्याऐवजी नाही. १९८६ मध्ये गफ आणि टनमर यांनी मांडलेलं वाचनाचं साधं सूत्र असं आहे: अक्षरं ओळखून शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. हा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच. गोष्टी ऐकून मुलांचं शब्दभांडार आणि भाषेची समज वाढते, म्हणजे दुसरी बाजू भक्कम होते. पहिली बाजू मात्र डोळ्यांनी वाचल्याशिवाय तयार होत नाही. पानावर बोट ठेवून सोबत ऐकणं हा लहान मुलांसाठी चांगला मधला मार्ग आहे.

संपलेलं पुस्तक मनात उरावं म्हणून

पुस्तक डोळ्यांनी संपवा किंवा कानांनी, विसरायला दोन्ही होतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रसिद्ध प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दुसऱ्यांदा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

वहीतल्या दोन-चार ओळींचं महत्त्व इथे आहे. ज्या पुस्तकांवर त्यांनी आठवून लिहिलं ती उरली. ‘सेपियन्स’वर लिहायला काही सुचलं नाही, तिथेच इशारा मिळाला होता.

रोजच्या वापरासाठी काही सोप्या गोष्टी:

• कथा, आत्मकथन, विनोद कानांनी चालेल. इतिहास, विज्ञान, अर्थशास्त्र यांचं पुस्तक ऐकायचं असेल तर छापील प्रत जवळ ठेवा.

• आधी वाचलेलं पुस्तक ऐका. धागा माहीत असतो, त्यामुळे मन भटकलं तरी नुकसान कमी होतं.

• वेग पुस्तकावर ठरवा. माहिती ऐकताना थोडा वाढवला तरी चालेल, अभिवाचन मात्र मूळ वेगातच ऐका.

• स्टेशन आलं की एक वाक्य आठवा. आत्ता काय ऐकलं ते मनात सांगा. सांगता आलं नाही तर घरी जाताना तिथूनच पुन्हा लावा.

• संपल्यावर लगेच लिहा. पुस्तक न उघडता तीन ओळी पुरेत.

आता वहीत तिसरी खूण

आजींनी कानात इअरफोन घालायला शेवटपर्यंत नकार दिला. अनोळखी आवाज त्यांना नको होता. मग सूनबाईंनी रात्री जेवणं झाल्यावर २० मिनिटं ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. आजींनी ते पूर्वी दोनदा वाचलेलं. वाचताना एखादं वाक्य घाईत गेलं तर त्या थांबवतात आणि पुन्हा वाचायला लावतात. डोळ्यांना जमायचं ते मागे जाणं त्यांना असं परत मिळालं. वाचणाऱ्या सूनबाईंना तिसऱ्या वेळी लक्ष्मीबाई आणखी वेगळ्या वाटल्या, असं वहीत आहे.

अर्ध्या पुस्तकानंतर आजींनी स्वतःहून विचारलं, की दुपारी घरात कोणी नसताना त्या मोबाइलवर ‘श्यामची आई’ लावता येईल का. इअरफोन नको, मोठ्या आवाजात. आता दुपारी एक-दोन ‘रात्री’ ऐकून होतात आणि संध्याकाळी सूनबाई घरी आल्या की आजी त्या आठवून सांगतात.

वहीत ‘डो’ आणि ‘का’च्या शेजारी आता ‘मो’ अशीही खूण आहे, म्हणजे मोठ्याने वाचलेलं. कट्ट्यावर यंदा आकडा सांगताना त्या तिन्ही खुणांची पुस्तकं धरणार आहेत. आजींचीही वेगळी यादी सुरू झाली आहे. त्यांच्या सांगण्यावरून सूनबाई ती त्याच वहीत मागच्या पानापासून लिहितात.